सटवाईचा लेख आणि डॉक्टरांचा शेरा

दत्तकासाठी 'कारा'कडे, म्हणजे केंद्र सरकारच्या दत्तक प्राधिकरणाकडे, नाव नोंदवताना मुलगा हवा की मुलगी, कोणत्या वयाचं मूल, कोणत्या राज्यातलं, हे सगळं सांगून झालं की प्रकृतीचा प्रश्न येतो. मूल 'नॉर्मल' हवं की विशेष गरजा असलेलं चालेल? दत्तकपूर्व गृहभेटी करून अहवाल लिहिण्याचं काम मी बरीच वर्षं केलं. कितीतरी घरांत चहा-पोहे झाले, कागदपत्रं तपासून झाली, देवघरापासून बँकेच्या पासबुकापर्यंत सगळं बघून झालं, की या प्रश्नापाशी येऊन बोलणाऱ्याचा आवाज खाली जायचा. "ताई, तेवढं मात्र नॉर्मल बघा हं. बाकी रंगरूप काहीही चालेल." रंगरूपाचं ते खरं नसायचंच, पण ते असो.

त्या जोडप्यांना मी तेव्हा नावं ठेवली नाहीत, आजही ठेवत नाही. दहा-बारा वर्षं दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवून, टेस्ट ट्यूबचे दोन-तीन प्रयत्न फसून, नातेवाइकांच्या बारशांना जाऊन हसतमुखाने जेवून ही माणसं तिथवर आलेली असतात. त्यांनी आणखी एक ओझं उचलावं असं त्यांच्याच सोफ्यावर बसून सांगणारी मी कोण? माझं भांडण त्या रकान्याशी आहे. एक वर्षाचं बाळ पुढे किती बोलेल, किती समजेल, स्वतःच्या हाताने जेवेल की नाही, हे कुणाला तरी आधीच कळलेलं आहे असं तो रकाना भासवतो. आपल्याकडे पाचवीच्या रात्री पाटाशी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. सटवाई येऊन बाळाचं कपाळ लिहून जाते म्हणतात. शिशुगृहातल्या बाळाची पाचवी कुणी पूजत नाही. त्याचं कपाळ वैद्यकीय तपासणी अहवालाच्या शेवटच्या ओळीत लिहिलं जातं. 'विकासात विलंब. विशेष गरजा असलेले बालक.' सटवाईचं अक्षर निदान कुणाला वाचता येत नाही. डॉक्टरांचा हा शेरा पोर्टलवर झळकतो आणि देशातली बहुतेक जोडपी तो वाचून पुढे सरकतात.

दुभंगलेला ओठ, हृदयातलं छिद्र, वाकडं पाऊल यांची गोष्ट वेगळी. ते दिसतं, मोजता येतं, शस्त्रक्रियेचा खर्च विचारता येतो. अशा मुलांना आता आपल्याकडेही घरं मिळू लागली आहेत. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता (ऑटिझम), सेरेब्रल पाल्सी, नुसताच 'विलंब' यांचं तसं नसतं. बाळाच्या बाबतीत हे शब्द बरेचदा निदानापेक्षा भाकिताच्या जवळचे असतात. आणि भाकीत करणाऱ्याने बाळाला पाहिलेलं असतं ओपीडीच्या गर्दीत, दहा मिनिटं.

एका शिशुगृहातला एक मुलगा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. चौदा महिन्यांचा होता आणि आधाराशिवाय बसत नव्हता. नजर मिळवायचा, पण क्षणभर. सतत उताणा पडून डोक्याची मागची बाजू चपटी झालेली. रात्रपाळीला एक मावशी आणि आठ पाळणे. मावशी मायाळू होती, निर्दय वगैरे मुळीच नव्हती. पण ती म्हणाली, "ह्याला कडेवर घेतलं की बाकीची रडायला लागतात, म्हणून मी कुणालाच घेत नाही." अहवालात वजन होतं, डोक्याचा घेर होता, रक्ताच्या तपासण्या होत्या. दिवसातून किती वेळ हे मूल कुणाच्या तरी मांडीवर असतं, हा प्रश्न त्या छापील नमुन्यात नव्हता. तो बसत नाही ते मेंदूमुळे की त्याला कुणी बसवलंच नाही म्हणून, असं मी तपासणाऱ्या डॉक्टरांना विचारलं. ते प्रामाणिक गृहस्थ होते. म्हणाले, "सहा महिने एखाद्या घरात ठेवा, मग सांगतो."

आता घर कुठून आणायचं? 'विलंब' हा शेरा खरा की खोटा ते ठरवायला घर लागतं आणि शेरा आहे म्हणून घर मिळत नाही. विकासात्मक अक्षमता असलेल्या, किंवा असावी अशी शंका असलेल्या मुलांच्या दत्तकाचा आपल्याकडचा सगळा गुंता या एका गाठीत आहे असं माझं मत झालं आहे. लोकांचं मन मोठं आहे की छोटं, हा प्रश्न त्यानंतरचा.

डॉक्टरांचं ते म्हणणं नुसतं अनुभवाचं नव्हतं. हुकूमशहा चाउशेस्कूच्या राजवटीनंतर रुमानियाच्या अनाथालयांत हजारो मुलं सापडली. तिथे २००० साली बुखारेस्टमध्ये एक अभ्यास सुरू झाला. सहा ते एकतीस महिन्यांची १३६ मुलं निवडली, त्यांतली निम्मी प्रशिक्षित पालक कुटुंबांकडे सोपवली आणि उरलेली संस्थेच्या नेहमीच्या व्यवस्थेत राहिली. पुढची कित्येक वर्षं दोन्ही गटांवर लक्ष ठेवलं. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी, भाषा, माणसांशी जुळणारं नातं सगळंच सुधारलं आणि जी दोन वर्षांच्या आत गेली त्यांचं सर्वांत जास्त. मेंदूच्या विद्युत आलेखांतही फरक दिसला. म्हणजे संस्थेचा पाळणा हे स्वतःच विलंबाचं एक कारण आहे. आपण मुलाला आधी त्या पाळण्यात ठेवतो, पाळण्याने झालेलं नुकसान त्याच्या कपाळी लिहितो आणि मग त्या लेखाकडे बोट दाखवून म्हणतो, याला कोण घेणार?

इथे दुसऱ्या टोकालाही जायला नको. मायेने सगळं बरं होतं असं सांगणारी मंडळी मला तितकीच धोकादायक वाटतात. डाउन सिंड्रोम गुणसूत्रांत असतो, तो मांडीवर घेतल्याने जात नाही. सेरेब्रल पाल्सीत मेंदूला झालेली इजा भरून येत नाही. घर मिळालं तर त्या मुलाला जे काही करता येणं शक्य आहे तिथवर ते पोचतं, आणि ती मर्यादा कुठे आहे हे कुणालाच आधी माहीत नसतं. पोटच्या मुलाच्या बाबतीत तरी कुठे माहीत असतं? स्वमग्नता दीड-दोन वर्षांच्या आधी खात्रीने ओळखता येत नाही. आठव्या महिन्यात 'नॉर्मल' म्हणून घरी आणलेलं बाळ तीन वर्षांचं झालं तरी हाक मारल्यावर वळत नाही, असं घडतं. मग त्या पालकांना वाटतं आपल्याला फसवलं. कुणीच फसवलेलं नसतं. रकान्याने जी हमी दिली ती द्यायचा त्याला अधिकार नव्हता, इतकंच. पोटी आलेल्या मुलासाठी आपल्याकडे म्हण आहे, पदरी पडलं पवित्र झालं. दत्तकाच्या बाबतीत मात्र पदर पसरण्याआधी आपण अहवाल मागतो. मागावा, त्यात पाप नाही. नियमांनुसार आपल्या ओळखीच्या डॉक्टरांकडून तो तपासूनही घेता येतो. पण तो अहवाल वाचायचा कसा, हे त्या जोडप्याला कुणी शिकवत नाही.

आता थोडे आकडे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये संसदेच्या स्थायी समितीने पालकत्व आणि दत्तक कायद्यांचा आढावा घेणारा अहवाल मांडला. त्यानुसार डिसेंबर २०२१ मध्ये २७,९३९ इच्छुक पालक नोंदलेले होते आणि दत्तक देण्यासाठी कायदेशीररीत्या मुक्त झालेली मुलं होती २,४३०. थांबावं लागत होतं सुमारे तीन वर्षं. २०२४-२५ मध्ये देशात आणि परदेशात मिळून ४,५१५ मुलं दत्तक गेली, अलीकडच्या वर्षांतला हा उच्चांक म्हणून त्याचं कौतुकही झालं. राज्यांत महाराष्ट्र नेहमीप्रमाणे पुढे. एवढी लांब रांग, एवढी कमी मुलं, तर एकही मूल मागे राहायला नको होतं. पण विशेष गरजा असलेली मुलं रांगेत न थांबता लगेच घेता येत असूनही मागे राहतात. 'लीगली फ्री' झालेली कितीतरी मुलं त्या पोर्टलवर कायमची मुक्कामाला असतात.

त्यांतल्या ज्यांना शेवटी घर मिळतं, त्यांतली पुष्कळ अमेरिका, इटली, स्पेनला जातात. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ५९ मध्येच तशी वाट आहे. साठ दिवसांत भारतीय किंवा अनिवासी भारतीय पालक मिळाले नाहीत तर मूल परदेशी दत्तकासाठी मोकळं होतं, आणि त्यात शारीरिक-मानसिक अक्षमता असलेल्या मुलांना, भावंडांना आणि पाच वर्षांवरच्या मुलांना प्राधान्य देता येतं. यावर आपल्याकडे दोन प्रतिक्रिया ऐकू येतात. एक, आपली मुलं गोऱ्यांना देतात, लाज वाटायला हवी. दोन, बघा, ती माणसं किती थोर. मला दोन्ही पटत नाहीत. मिलानच्या उपनगरातली शिक्षिका आणि सांगलीची शिक्षिका यांच्या काळजाच्या आकारात फरक असण्याचं काही कारण नाही. फरक असा, की पहिलीला मूल घरी आणण्याआधी ठाऊक असतं की शाळा दारात आहे, थेरपिस्ट सरकारी खर्चाने येणार आहे आणि आपण मेल्यावर मूल रस्त्यावर येणार नाही. अमेरिकेत १९८० च्या कायद्याने विशेष गरजा असलेलं तिथलं मूल दत्तक घेणाऱ्या पालकांना दरमहा साहाय्य आणि मुलाच्या औषधोपचाराची सोय दिली, आणि ती दत्तकानंतरही चालू राहते. तिथे सगळं गोड आहे असंही नाही. बिहारमधून २०१६ मध्ये टेक्सासला दत्तक गेलेल्या तीन वर्षांच्या एका मुलीचा पुढच्याच वर्षी घरात मृत्यू झाला आणि दत्तक पित्याला जन्मठेप झाली. गेलेलं मूल सुखी आहे असं धरून चालणं हा आपलाच आळस असतो.

आपल्याकडे व्यवस्थेची जागा कौतुकाने भरतात. असं मूल घेणाऱ्याला आपण लगेच देव्हाऱ्यात बसवतो. "तुम्ही धन्य आहात हो, आम्हाला नसतं जमलं." या वाक्यात कौतुक कमी आणि स्वतःची सुटका जास्त असते. शिवाय देव्हाऱ्यात बसवलेल्या माणसाला तक्रार करायची सोय राहत नाही. एक आई मला म्हणाली होती, "माझी मुलगी रात्रभर झोपत नाही हे मी कुणाला सांगू शकत नाही. सांगितलं की म्हणतात, तुम्हीच घेतलीत ना?" पोटच्या स्वमग्न मुलाच्या आईला निदान सहानुभूती मिळते. दत्तक आईला तिच्याच थोरवीची आठवण करून दिली जाते.

याची मुळं जुनी आहेत. आपल्या परंपरेत दत्तक घेतला जायचा तो वंशासाठी, पिंडासाठी, वतनासाठी. मुलासाठी घर शोधण्याचा तो प्रकारच नव्हता, घरासाठी मूल शोधायचे. आणि जुन्या हिंदू कायद्यात अनेक व्यंगांमुळे माणसाचा वारसाहक्कच जायचा. १९२८ च्या कायद्याने हे बंधन काढलं तेव्हाही जन्मतः वेडा किंवा बुद्धिहीन असणाऱ्याला त्या सवलतीतून वगळलं होतं. आंधळा, बहिरा, कुष्ठरोगी वारस होऊ शकला. जन्मापासून समज कमी असलेला मात्र नाही. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने ते काढून टाकलं. त्याच वर्षी आलेल्या दत्तक कायद्यातही दत्तक देणं-घेणं हा बहुतांशी दोन घरांमधला व्यवहार राहिला. वारस होऊ न शकणारं मूल दत्तक कशाला, हा विचार कागदावरून गेला. मनातून जायला वेळ लागणार.

या परंपरेला महाराष्ट्रातच पहिला मोठा छेद गेला, हेही खरं. १८६३ मध्ये फुले दांपत्याने पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं आणि पुढे तिथे आलेल्या काशीबाई या विधवेचा मुलगा यशवंत दत्तक घेतला. १८७५ मध्ये पंढरपुरात प्रार्थना समाजाच्या मंडळींनी अनाथ अर्भकांसाठी आश्रम काढला. मुलासाठी घर शोधायचं, ही कल्पना तिथून रुजली. पण यशवंताची गोष्ट सांगताना आपण एक वाक्य कधी गाळत नाही: 'पुढे तो डॉक्टर झाला.' ते खरं आहे आणि प्लेगच्या साथीत त्याने आईच्या बरोबरीने काम केलं हेही खरं. तरी मला कधी कधी वाटतं, यशवंत सहा वर्षांचा होईपर्यंत बोललाच नसता तर आपण ती गोष्ट एवढ्या अभिमानाने सांगितली असती का? सावित्रीबाईंनी त्याला कमी माया केली असती असं वाटत नाही. पाठ्यपुस्तकाने केली असती.

हेच अलीकडच्या बातमीतही दिसलं. जळगावच्या रेल्वे स्थानकात कचऱ्यात टाकून दिलेली एक जन्मांध मुलगी, माला पापळकर, २०२४ मध्ये एमपीएससीची लिपिक-टंकलेखक परीक्षा उत्तीर्ण झाली. सगळ्या वर्तमानपत्रांनी छापलं, छापायलाच हवं होतं. ती वाढली अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरच्या बालगृहात, शंकरबाबा पापळकरांकडे. बाबांनी तिथल्या सव्वाशेच्या आसपास बेवारस, दिव्यांग मुलांना स्वतःचं आडनाव दिलं. २०२४ चा पद्मश्री त्यांना मिळाला. पण त्या मुलांतली बरीच कधीच कुठली परीक्षा देणार नाहीत. काहींना घास भरवावा लागतो. त्यांची बातमी कशी होणार? आपल्याला मूल टाकलेलं चालतं, पण शेवटी ते यशस्वी व्हायला लागतं.

ही वृत्ती नियमांतही शिरलेली आहे. २०२२ च्या दत्तक विनियमांनुसार ज्या दांपत्याला आधीच दोन किंवा अधिक मुलं आहेत, त्यांना (नातेवाइकाचं किंवा सावत्र मूल सोडून) फक्त विशेष गरजा असलेलं किंवा 'हार्ड टू प्लेस', म्हणजे ज्याला घर मिळणं अवघड असं, मूल घेता येतं. यामागचा युक्तिवाद मला समजतो: रांगेत निपुत्रिक जोडपी आहेत, त्यांना आधी संधी द्यावी. अनुभवी आईबाप अशा मुलाला चांगलं वाढवतील हाही मुद्दा आहे. तरी तो नियम बाजारातल्या पाटीसारखा वाचला जातो. चांगला माल रांगेतल्यांना, उरलेला हवा तर न्या. गृहभेटीत दोन मुलांचा बाप मला म्हणाला होता, "म्हणजे आम्हाला चॉइस नाही." त्याला चॉइस नव्हता हे खरं. पण मुलालाही असा बाप मिळणार होता, ज्याला दुसरं काही मिळत नव्हतं म्हणून तो आला.

मग करायचं काय? पालकांना पाझर फुटावा म्हणून मोहिमा, लघुपट, सेलिब्रिटींची आवाहनं, यांवर माझा फारसा विश्वास नाही. पाझर फुटून आणलेलं मूल परत आलेलं मी पाहिलं आहे. दत्तक मोडतात. सहा-सात महिन्यांनी दाराशी गाडी थांबते, मूल उतरतं आणि त्याच्या पिशवीत त्याची नवी खेळणी असतात. नाही म्हणणारं जोडपं मला कधीही परवडलं. अर्जातच स्पष्ट 'नाही' लिहिणाऱ्यांनी कुणाचंच नुकसान केलेलं नाही. प्रश्न आहे तो 'कदाचित' म्हणणाऱ्यांचा. असे दहांत एक-दोन भेटायचेच. ते विचारायचे, थेरपीला किती लागतात? शाळा कोण घेईल? आमच्यानंतर काय? आणि माझ्याकडे उत्तरं नसायची. असायचे ते पत्ते.

ते पत्ते कसे, बघा. दत्तक हा महिला व बालविकासचा विषय. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग काढला, सवलती तिथे. विकासातले दोष लवकर ओळखून उपचार करणारी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं सार्वजनिक आरोग्याकडे. शाळा शिक्षण खात्याच्या 'समग्र शिक्षा' योजनेकडे. 'निरामय' हा लाखभराचा आरोग्य विमा आणि अठरा वर्षांनंतरचं कायदेशीर पालकत्व १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने लक्षणीय अक्षमता असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षं मोफत शिक्षणाचा हक्क दिला, पण त्यासाठी आधी प्रमाणपत्र, त्यासाठी जिल्हा रुग्णालय, त्यासाठी तारीख. शहरात थेरपीच्या एका तासाला पाच-सातशे रुपये सहज जातात आणि आठवड्याला तीन-चार तास लागतात. म्हणजे आई नोकरी सोडते. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत दिव्यांग मुलाच्या पालकाला ७५ हजार किंवा सव्वा लाखाची वजावट आहे. ती कर भरणाऱ्याला. टेंपो चालवणाऱ्याला तिचा काय उपयोग?

गंमत अशी, की यांतल्या दोन महत्त्वाच्या सह्या एकाच माणसाच्या आहेत. २०२१ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे सप्टेंबर २०२२ पासून, दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हा दंडाधिकारी, म्हणजे जिल्हाधिकारीच, देतात. आणि राष्ट्रीय न्यासाच्या ज्या स्थानिक समितीकडून पुढे पालकत्वाचं प्रमाणपत्र मिळतं, तीही जिल्हाधिकाऱ्यांच्याच अध्यक्षतेखाली असते. एकाच टेबलावर हे कागद येतात, फक्त सतरा-अठरा वर्षांच्या अंतराने. दत्तकाच्या आदेशासोबतच त्या मुलाचं दिव्यांग ओळखपत्र, निरामयचा विमा, शीघ्र हस्तक्षेप केंद्रातली नोंदणी आणि दरमहा ठरावीक रकमेचा आदेश जोडला, तर त्यासाठी नवा कायदा लागणार नाही. हे पालकाने मागायचं नाही. मुलाच्या फायलीतच असायला हवं, कोणत्याही घरी ते गेलं तरी त्याच्याबरोबर जाणारं.

पैसे दिले की लोभी लोक येतील, हा आक्षेप मी अनेक बैठकांत ऐकला आहे. तो करणाऱ्यांना मी विचारते, तेच मूल संस्थेत ठेवायला सरकार दरमहा अनुदान देतं, तेव्हा हा लोभ आठवत नाही? भीती खोटी नाही, म्हणून तर गृहभेटी आणि दत्तकानंतरचा दोन वर्षांचा पाठपुरावा असतो. तो पाठपुरावा सध्या चार फोटो आणि एका फोनवर उरकला जातो, त्याला जरा अर्थ येईल.

दुसरा उपाय आपल्या हाताशीच आहे आणि आपण तो वापरत नाही: प्रतिपालकत्व, म्हणजे फॉस्टर केअर. ज्या बाळाच्या शेऱ्यात 'विलंब' आहे त्याला पोर्टलवर कुजत ठेवण्याऐवजी आधी एखाद्या घरात ठेवायचं, पैसे आणि थेरपी देऊन. केंद्राच्या २०२४ च्या प्रतिपालकत्व मार्गदर्शक सूचनांनुसार एकट्या व्यक्तीलाही प्रतिपालक होता येतं आणि पूर्वीच्या पाच वर्षांऐवजी दोन वर्षांनी त्याच घराला ते मूल दत्तक मागता येतं. नियमांचा भर सहा वर्षांवरच्या मुलांवर आहे. बाळांसाठीही ही वाट मोकळी केली, तर त्या डॉक्टरांनी मागितलेले सहा महिने यात बसतील. शेऱ्याच्या ऐवजी त्या घराचा अनुभव लिहायचा: भात आवडतो, अंधाराला घाबरतो, तिसऱ्या महिन्यात बसायला लागला. असं वाचून 'कदाचित'वाले होकाराकडे झुकतात, हे मी पाहिलं आहे.

आणि 'आमच्यानंतर काय?' याला तर पळवाटच नाही. शंकरबाबा वर्षानुवर्षं एकच मागणी करत आले आहेत: अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर बेवारस दिव्यांग मुलांना बालगृहाबाहेर काढू नका, त्यांच्या आजन्म पुनर्वसनाचा कायदा करा. बाल न्याय कायद्याच्या हिशेबात अठराव्या वाढदिवशी मूल मोठं होतं. ज्याला शर्टाची बटणं लावता येत नाहीत तोही होतो. संस्थेतल्या मुलाचं जे होतं तीच धास्ती घरातल्या मुलाच्या आईबापांना असते, फक्त पंचवीस-तीस वर्षं उशिरा. माजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी दत्तक घेतलेल्या दोन मुलींना स्नायूंचा दुर्मीळ आजार आहे. २०२५ मध्ये सरकारी बंगला सोडायला उशीर झाला तेव्हा मुलींच्या गरजांना चालेल असं घर मिळवायला वेळ लागतो आहे, असं त्यांना सांगावं लागलं. त्यांच्या त्या उशिरावर टीका करायची ती करा. पण दिल्लीत सरन्यायाधीशाला जर चाकाच्या खुर्चीचं घर चटकन मिळत नसेल, तर मिरजेच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याने काय हिंमत करायची?

एक गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली, कारण ती सांगायला मला जड जातं. यांतली बरीच मुलं अनाथ नसतात. त्यांना आई असते. डाउन सिंड्रोमचं बाळ झालं, सासरचे म्हणाले हे घरात नको, नवरा गप्प राहिला आणि ती बाळ सोडून द्यायला, म्हणजे 'सरेंडर' करायला, बालकल्याण समितीसमोर आली. कायदा तिला साठ दिवस देतो, मन बदललं तर बाळ परत न्यायला. त्या साठ दिवसांत तिच्याशी बोलायचं काम माझ्यासारखीचं. आपण दत्तक आईबापांना मदत मिळावी म्हणून भांडतो, ते बरोबरच आहे. पण तीच मदत दोन पावलं आधी मिळाली असती तर दत्तकाचा प्रश्नच आला नसता, अशी मुलं किती असतील?

ऊसतोडीच्या टोळीतली एक मुलगी होती, विशीतली. पन्नासाव्या की एकावन्नाव्या दिवशी मी तिला भेटायला गेले. बाळ संस्थेत होतं आणि तिचं दूध अजून आटलेलं नव्हतं, पदर ओला व्हायचा आणि ती तो सारखा सावरायची. मी तिला कायदा समजावून सांगितला, पुन्हा एकदा विचार कर म्हटलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, "ताई, ह्या पोराला सांभाळायला सरकार महिन्याला काही देतं का? देत असंल तर मी नेते."

राज्याची बालसंगोपन योजना तेव्हाही होती. आज तिच्यात महिन्याला २,२५० रुपये मिळतात, तेव्हा याहून कमी मिळायचे. तिच्यासाठी अर्ज करून बघता आला असता. पण मी दत्तकाचं काम करत होते, बालसंगोपनाची फाईल दुसऱ्या टेबलावर असायची, आणि त्या दिवशी माझ्या पिशवीत सरेंडरचेच कागद होते.